कुंपणाबाहेरची सदाफुली

त्याला झाडं आवडायची असं आता सगळे म्हणतात. वर्षश्राद्धाला त्याच्या पुतण्यानं एक स्मरणिका काढली, रंगीत, जाड कागदाची. तिच्यात पहिल्याच पानावर तसं छापलंय. मी चौथीपर्यंत शिकलोय, तेवढं वाचता येतं. छापलंय ते खोटं आहे. निम्म्याच्या वर झाडांचा त्याला राग होता, अन् तो राग बी भाऊबंदांचा असतो तसा. गुलमोहर दिसला की तोंड फिरवायचा. निलगिरीला शिवी द्यायचा. रस्त्याच्या कडेला सुबाभळीचं रोप दिसलं की जीप थांबवून उतरायचा, उपटायचा, अन् जीपमधली माणसं घड्याळ बघत बसायची.

जिवंत होता तवर मी त्याला मालक म्हणलो, अहोजाहो केलं. आमी दोघं एका वयाचे, पण तो जमीनवाल्याच्या घरचा अन् मी उसतोड्या. आता लिहिताना मी तो म्हणणार. मेलेल्याचा मान ठेवावा लागतो हे मला कळतं. माझी बायको मेली तवा त्यानं तिचा किती ठेवला, ते पुढं सांगतो.

केजच्या अलीकडं डांबरी रस्त्याला लागून त्याचा माळ होता. घरात वाटण्या झाल्या तवा थोरल्या भावानं काळी जमीन घेतली, विहीर घेतली, राजकारण बी घेतलं. यानं आपणहून मुरमाड माळ मागून घेतला. थोरला चारचौघांत सांगायचा, "आमच्या धाकट्याला दगडं आवडतात. आमी म्हणलं, घे बाबा." लग्न केलं नाही. माळावर एक खोली बांधली अन् तारेचं कुंपण घातलं. धोतर पांढरं, पण सदऱ्याचे दोन्ही खिसे कायम फुगलेले. त्यात हिवराच्या शेंगा, पळसाच्या पापड्या, बोराच्या आठळ्या. आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, त्याचे कपडे धुवायची. एकदा खिशात मोड आलेलं बी निघालं. ती मला म्हणली, "बघा, सदऱ्याला बी पीक आलं."

कुठलंबी रोप दिसलं की तो उकिडवा बसायचा अन् त्यालाच विचारायचा, "तू कुठली ग?" पोलीस विचारतो तसं. मग स्वतःच उत्तर द्यायचा. घाणेरी, तू समुद्रापलीकडची. गाजरगवत, तू गव्हाच्या पोत्यातून आलीस. तरवड, तू आपली, बस खाली.

एका पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत त्याला पाहुणा म्हणून बोलावलं. हेडमास्तरनं हातात गुलमोहराचं रोप दिलं, खड्डा खोदून तयार, फोटोवाला समोर. यानं रोप डोळ्याजवळ धरलं, बघितलं, अन् हेडमास्तरच्या हातात परत दिलं. "गुरुजी, हिला हिच्या गावाला पोचवा," म्हणला. खिशातून आठळी काढली, खड्ड्यात टाकली, टाचेनं माती लोटली अन् खुर्चीत जाऊन बसला. फोटोवाल्याला काय काढावं कळेना. त्यानं खड्ड्याचा फोटो काढला.

माणूस असा होता. हसायला बरा, ऱ्हायला अवघड.

आमी त्याच्याकडं कसे आलो ते सांगतो. कारखान्यावर नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसं दोन, मोजायची एक. आमी दोघांनी तसं उभं आयुष्य काढलं. दिवाळी झाली की ट्रकमधी बसायचं, उन्हाळा लागला की परत यायचं. मग म्हातारीला शुगर निघाली. पाय सुजायला लागले. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना तिला चक्कर आली, खाली पडली. पुढच्या सालाला मुकादम म्हणला, "अर्धा कोयता घेऊन मी काय करू?" आमी घरी बसलो. पोरगा पुण्याला कंपनीत, त्याचंच त्याला भागत नव्हतं.

त्या दिवसांत हा सकाळच्या पारी आमच्या वस्तीवर आला. शेळ्यांच्या गोठ्यात शिरला अन् खाली बसून जमीन चाचपायला लागला. मी म्हणलं, "मालक, काय हरपलं?" तर म्हणला, "तुझ्या शेळ्या बाभळीच्या शेंगा खातात का बे?"

बाभळीचं बी लई टणक. नुसतं मातीत टाकलं तर साल-दोन साल तसंच पडून राहतं. शेळीनं शेंगा खाल्ल्या, निवांत बसून रवंथ केला, अन् रवंथ करताना बी थुंकलं, की तेच बी पाऊस पडल्या पडल्या फुटतं. याला असं थुंकलेलं बी पाहिजे होतं. म्हणून तो गावोगावचे शेळ्यांचे गोठे झाडत फिरायचा. आमच्या शेळ्या त्याला पसंत पडल्या. "शेळ्या घेऊन माळावर या," म्हणला. दोन पावलं गेला अन् मागं वळून म्हणला, "तुमी बी या." म्हणजे कामावर आधी शेळ्या लागल्या, मग आमी.

त्यानं आमाला कुंपणाला लागून पत्र्याची खोली दिली. शेळ्या मात्र बांधूनच. त्याच्या झाडाला तोंड लावलं तर तो शेळीला नाही, मला बोलायचा. रोज सकाळी शेळ्यांच्या मागं बसून तो बी वेचायचा. रस्त्यानं जाणारे चेष्टा करायचे. एक जण मोटरसायकल थांबवून म्हणला, "मालक, शेळीच्या मागं बसून काय मिळतं?" हा मान वर न करता म्हणला, "तू ज्या पुढाऱ्याच्या मागं बसतो, त्यापेक्षा जास्त." पुढारी म्हणजे याचाच भाऊ.

पाण्याचं त्याचं डोकं वेगळं होतं. रोप लावलं की पहिल्या शिमग्यापर्यंत तांब्या-तांब्या पाणी. मग बंद. वैशाखात पानं झडायची, काड्या उरायच्या. म्हातारीचा जीव तुटायचा. भांडी घासलेलं पाणी ती गुपचूप एखाद्या रोपाला घालायची. हा ओली माती बघून ओळखायचा. "बाई, हे लाडावलं तर पुढं रडंल. पाणी मागतंय ते पाहुणं. जे उन्हाळ्यात गप बसतं ते आपलं."

म्हातारी माझ्याकडं बघून म्हणायची, "मग आपुन बी इथलेच हावोत. गपच बसलोय की जल्मभर."

लई रोपं मेली. राहिली ती राहिली. माळ बदलला, ते मी नाकारणार नाही. आधी नुसती कुसळं होती. मग पवन्या, मारवेल असलं गवत आलं, हिवर डोक्याएवढे झाले, पळस शिमग्याला पेटायला लागले, तितर ओरडायला लागले. बघायला केजहून माणसं यायची. तो त्यांच्याशी बी भांडायचा. एका बाईनं बंगल्याच्या बागेत लवकर वाढणारं कुठलं झाड लावू म्हणून विचारलं, चांगल्या घरची, गोड बोलणारी. हा म्हणला, "आधी घाई उपटा." ती परत आली नाही.

आता सदाफुलीचं.

कारखान्यावरून शेवटच्या खेपेला येताना म्हातारीनं एक रोप आणलं होतं, डालड्याच्या जुन्या डब्यात. जांभळट गुलाबी फूल. तिकडच्या एका बाईनं सांगितलं होतं की सदाफुलीची दोन फुलं रोज सकाळी चावून खाल्ली की शुगर उतरते. ती खायची. तोंड वाकडं करायची अन् खायची. खोलीच्या दारात तिनं ते रोप लावलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मालकाची नजर पडली. तो उकिडवा बसला.

"तू कुठली ग?"

म्हातारी आतून म्हणली, "ती माझी हाय."

"तुझी असंल. मुळाची कुठली? समुद्रापलीकडची हाय ही." असं म्हणत त्यानं ती मुळासकट ओढली अन् तारेवरून पलीकडं फेकली. हात झटकले.

म्हातारी दारात आली. कधी मोठ्यानं बोलायची नाही ती. म्हणली, "मालक, आमी बी निम्मं साल परमुलखात ऱ्हायचो. तिथली माणसं बी रोज इचारायची, तुमी कुठले. पर उपटून भाईर कुणी फेकलं न्हाई."

त्यानं धोतराचा सोगा उचलला अन् निघून गेला. मला वाटलं, संपलं, आता बिऱ्हाड उचलावं लागतंय. तसं काही झालं नाही. म्हातारी संध्याकाळी कुंपणाबाहेर गेली, रोप शोधून आणलं अन् न्हाणीच्या मागं लावलं. महिन्याभरानं त्याला ते सापडलं. परत उपटलं, परत फेकलं. तिनं परत आणलं. मग गोठ्याच्या कुडामागं. मग फुटक्या रांजणात. असं वर्षानुवर्षं चाललं. दोघं त्याबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत. तो सकाळी खोलीला एक फेरी मारायचा, ती चुलीपुढं बसून त्याची पावलं ऐकायची. पावलं थांबली की म्हणायची, "सापडलं वाटतं मेल्याला."

एकदाच तिनं त्याला पकडलं. तो आमच्याकडं भाकरी खायचा. ठेचा त्याला लई लागायचा. वाढताना ती म्हणली, "मालक, मिरची कुठली हो?"

तो चावायचा थांबला. मला आठवतं, कपाळावर घाम होता. खोटं त्याला बोलता यायचं नाही. म्हणला, "भाईरची."

"मग?"

त्यानं ठेच्याचा गोळा ताटाच्या कडेला सारला. त्या दिवसापासून मिरची बंद. मिरी कुटून आणायचा पुडीतून अन् भाकरीबरोबर खायचा, एरंडेल पिल्यासारखं तोंड करून. म्हातारी मुद्दाम त्याच्यासमोर मिरच्या तव्यावर भाजायची. त्यानं पोळ्यापर्यंत दम काढला. पोळ्याच्या दिवशी ताट पुढं ओढून म्हणला, "वाढ. पोटाचं अन् मातीचं येगळं असतंय." ती म्हणली, "आसं का. मग माझी फुलं बी पोटाचीच हाईत." तर म्हणला, "ती मातीत हाईत." अन् दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी मारली, रांजणातलं रोप फेकलं.

नंतर म्हातारीच्या पायाला जखम झाली. बाभळीचा काटा लागला होता, त्याच्याच माळावरचा. जखम भरेना. अंगठा काढला, मग पाऊल काढलं. केजचा दवाखाना झाला, मग मोठा दवाखाना झाला. डॉक्टरला मी विचारलं, ती फुलं खायची, मधी मधी खंड पडायचा, म्हणून असं झालं का. डॉक्टर म्हणला, "फुलाबिलानं काही होत नसतं बाबा, गोळ्या वेळेवर घ्यायच्या होत्या." मी ऐकून घेतलं. डॉक्टर शिकलेला. पण ज्या सकाळी ती रिकाम्या रांजणाकडं बघून आत यायची, ती सकाळ डॉक्टरनं बघितली नव्हती.

ती खाटेवर पडली तवापासून मालकाची फेरी बंद झाली. दारात येऊन बसायचा, पण खोलीच्या मागं फिरकायचा नाही. रांजणात सदाफुली फुलली होती, त्याला माहीत असणारच. दया आली म्हणावं तर तसं तोंडानं कधी बोलला नाही.

जायच्या आधी दोन दिवस ती मला म्हणली, "मला गंगेला नेऊ नका. लई फिरले. हितंच ठिवा माळावर, अन् वर माझी सदाफुली लावा." तो दारातच होता. तिनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं मान हलवली. मी ती हलवलेली मान धरून बसलो.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. पोरगा आला होता. "गोदावरीत सोडू, सगळे तसंच करतात," म्हणला. आमच्याकडं गोदावरीलाच गंगा म्हणतात. मी नाही म्हणलं. राखेचं गाठोडं घेऊन माळावर आलो. खोलीच्या पुढं, सपाटीला, मालकानं खड्डा स्वतः खोदून ठेवला होता. मुरूम फोडून हाताला फोड आले होते. मी गाठोडं सोडलं, राख खड्ड्यात ठेवली. रांजणातलं रोप मुळाला माती धरून माझ्या मुठीत होतं. मी वाकलो.

तो म्हणला, "ते न्हाई."

त्याच्या हातात बोरीचं रोप होतं, वीतभर.

मी म्हणलं, "मालक, तिनं सांगितलंय. तुमी ऐकलंय."

"ऐकलंय. हितं पाणी न्हाई, ही जगायची न्हाई. शंभर वर्षं टिकंल असं दिऊ तिला."

"मी घालतो पाणी. जितं हाय तवर घालतो."

"तू मेल्यावर?"

"मेल्यावर मरू द्या."

तो मग म्हणला, "जमीन माझी हाय."

इतकी वर्षं मी त्याच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. तोच सगळ्यांना सांगत फिरायचा की जमीन माणसाची नसते, बोरीची असते, हिवराची असते, आपण नुसते राखणदार. त्या दिवशी ती त्याची झाली. पोरगा माझा दंड धरून म्हणला, "जाऊ द्या बाबा." मी जाऊ दिलं. दुसरं काय करणार होतो? तिची राख खड्ड्यात होती, खड्डा त्याचा होता. त्यानं बोर लावली, टाचेनं माती दाबली. मी मुठीतलं रोप कुंपणाबाहेर नेलं अन् पावसाच्या पाण्याच्या चारीच्या कडेला लावलं. तिथं बघितलं तर सगळी तिचीच वस्ती. त्यानं फेकलेल्या रोपांचं बी तिथं सांडलं होतं, तिथंच रुजलं होतं. लांबपर्यंत नुसती सदाफुली.

मी त्याच्याशी बोलायचं सोडलं. कामापुरतं हो-नाही. त्याची भाकरी मी करायचो, पुढं सरकवायचो. त्या बोरीला तो जपायचा, पण पाणी त्यानं तिला बी शिमग्यालाच तोडलं. उन्हाळ्यात काडी झाली. मी बघत बसलो, म्हणलं मरती का बघू. मेली नाही. पुढं अंगभर काटे आले, सावली आली. पहिली बोरं लागली तवा तो ओंजळभर घेऊन माझ्यापुढं आला.

"घे. म्हातारीनं दिल्यात."

मी घेतली नाहीत. मग त्यानंच एक तोंडात टाकलं, आठळी पुसून खिशात ठेवली अन् गेला. त्या बोरीचं एक बोर मी आजपर्यंत खाल्लेलं नाही.

तो गेल्या सालच्या वैशाखात मेला. वरच्या अंगाला हिवराखाली पडलेला मलाच सापडला. खिसे भरलेले होते. त्यानं मला सांगून ठेवलं होतं, राख माळावर टाका, वर काहीच लावू नका, जे येईल ते येऊ द्या. मी ते पुतण्याला सांगितलं. पुतण्या आता बापाच्या जागी आहे, लोक त्याला दादा म्हणतात. दादा म्हणला, "आबा, चार लोकांत बरं दिसत न्हाई." गाड्या घेऊन गंगेला गेलते. मला गाडीत जागा नव्हती. बायकोचं सांगणं त्यानं ऐकलं नाही, त्याचं पुतण्यानं ऐकलं नाही.

मग दादानं काकाच्या नावानं बाग करायची काढली. रस्त्याकडची सपाट जागा, म्हणजे आमच्या खोलीपुढची. जेसीबी आला. मी विचारलं, "काय करायलात?" दादा म्हणला, "झुडपं काढायचीत आबा. झाडं लावायचीत." पळस, तरवड, हिवराची पोरं, सगळी झुडपं. बोरीपाशी मशीन आलं तवा मी आडवा उभा राहिलो.

"दादा, ही ठिवा. हिच्याखाली आमची म्हातारी हाय."

दादा वाईट माणूस नाही. खांद्यावर हात ठेवला. "मावशीच्या नावानं चांगलं झाड लावू की आबा. पाम लावू. काटा न्हाई, कचरा न्हाई, बारा महिने हिरवं. काकांना झाडांची किती आवड होती."

ड्रायव्हरनं मशीन बंद केलं नव्हतं. वरून ओरडला, "आबा, सरा, डिझेल जळायलंय." मला दोघांनी धरून बाजूला बसवलं. चहा दिला. चहा पिऊन होईपर्यंत बोर नव्हती.

आता तिथं लॉन आहे. रांगेनं पाम आहेत, गुलमोहर आहेत, बोगनवेल आहे. मधी त्याचा पुतळा, छातीपर्यंतचा, गळ्यात झेंडूचा हार. बोअर पाडलाय. सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम माझ्याकडं आहे. ज्या माळाला शिमग्यानंतर तांब्याभर पाणी मिळायचं नाही, तिथं मी पाइप धरून उभा राहतो.

पण बोरीचं मूळ खोल असतं. ते जेसीबीला सगळं निघालं नाही. दोन महिन्यांत लॉनमधून फूट आली, लाल कोवळी, काटे घेऊनच. दादा म्हणला, "आबा, लॉनमधी काटे उगवायलेत. उपटून टाका." मी हो म्हणलं. गवत कापायचं मशीन मी तिला वळसा घालून नेतो. दादाला वाटतं, म्हाताऱ्याला दिसत नाही.

अन् एक केलं. कुंपणाबाहेर गेलो, चारीतून चांगलं भरलेलं सदाफुलीचं रोप मुळासकट काढलं, अन् पुतळ्याच्या बरोब्बर समोर लावलं, त्याच्या नजरेखाली. दादानं बघितलं. खूश झाला. "छान केलं आबा. काकांना लई आवडलं असतं."

मी रोज सकाळी झाडू घेऊन तिकडं जातो. वळणावर आलो की पाय जरा हळू होतात. वाटतं, आज रोप उपटलेलं असेल, तारेपलीकडं फेकलेलं असेल. तसं काही नसतं. ते जागच्या जागी फुललेलं असतं.